शाळूला पाणी कोण घालते?

संकटे माणसाला घडवितात आणि आधार त्याला दुबळा करतो, हे वचन आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की, ते खरे आहे किंवा नाही हे तपासून पाहण्याची गरज आपल्याला सहसा वाटत नाही. त्यातून हे वचन बोलणारा बहुधा वडीलधारा असतो आणि ऐकणारा काहीतरी मागावयास आलेला असतो. त्यामुळे तपासणीचा प्रसंगही येत नाही. आमच्या घरी हे वचन एका प्रश्नाच्या रूपाने नांदत असे. आमचे गाव मंगळवेढे तालुक्यातले. जमीन काळी, खोल आणि चिकण. शिवारात पाट नाही, आणि विहिरीचे पाणी माणसांना व जनावरांना पुरले तरी पुष्कळ. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हेच आमचे मुख्य पीक. घरातल्या कोणी काही मागितले की आबा शांतपणे विचारीत, "शाळूला पाणी कोण घालतं रे?" ह्या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसे. पेरणीनंतर एकदाही पाणी न घालता शाळू पुरुषभर वाढतो आणि मोत्यासारखा दाणा देतो. मग तुम्हालाच काय धाड भरली आहे, असा त्याचा अर्थ.

ह्या प्रश्नाला उत्तर आहे, हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, गावापासून दीड हजार किलोमीटरांवर, कर्नालजवळच्या एका गव्हाच्या शेतात कळले. ते कळण्यास मला फार उशीर झाला होता. तो कसा, हे पुढे सांगेन.

कर्नालास माझी बदली होऊन आता तीन वर्षे झाली. शहराच्या कडेला ज्यांच्या घरी मी भाड्याने राहतो ते गृहस्थ शेतकरी आहेत. सारा मोहल्ला त्यांना ताऊजी म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर शेतावर जावयाचे, असा माझा परिपाठ आहे. गेल्या डिसेंबरच्या आरंभी ते गव्हाला पहिले पाणी देण्याच्या तयारीत होते. इकडे ह्या पाण्याला 'कोर' म्हणतात. पेरणी होऊन एकवीस दिवस झाले होते. माती हाताला अजून गार लागत होती, रोपे तजेलदार दिसत होती. मला तर पाण्याची काहीच निकड दिसेना. आबांची शिकवण अंगात मुरलेली असल्यामुळे मी म्हणालो, "ताऊजी, आणखी दहा-पंधरा दिवस तहान काढू द्या की त्याला. मुळे पाण्याच्या शोधात खोल जातील, पीक बळकट होईल."

ताऊजी काही बोलले नाहीत. त्यांनी कस्सीने एक रोप ढेकळासकट उचलले, कूपनलिकेच्या हौदात हलकेच धुतले आणि माझ्या तळहातावर ठेवले. बियाच्या तळाशी चार-पाच पांढरी मुळे दोऱ्यासारखी लोंबत होती. त्यांच्या वर, जमिनीच्या पृष्ठभागाखाली जेमतेम एका पेरावर, खोडाची गाठ होती. आणि त्या गाठीतून, तान्ह्या मुलाच्या हिरडीवर दात दिसू लागावेत तसे, दोन-तीन पांढरे ठिपके डोकावत होते. ताऊजी म्हणाले, "खालची मुळे बियाची. ती बियाण्याच्या शिदोरीवर निघाली. ही वरची मुळे रोपाची स्वतःची. ह्यांच्यावरच त्याला पुढचे चार महिने उभे राहायचे आहे. ती आता निघतील. आता वरची माती सुकली, तर नंतर नदी आणून सोडलीत तरी ही वेळ परत येणार नाही."

त्या दिवसापासून मुळांविषयी जे हाती लागले ते मी वाचीत गेलो. मी कलाशाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून. तेव्हा माझ्या वाचनाला पांडित्य म्हणण्याचे कारण नाही. परंतु जे वाचले त्याने मी थक्क झालो, हे मात्र खरे. हॉवर्ड डिट्मर ह्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ साली 'राय' ह्या गव्हाच्या जवळच्या नात्यातील धान्याच्या एका रोपाची मुळे मोजून प्रसिद्ध केली. रोपाचे वय चार महिने. ते वाढले ती पेटी फूटभर लांब, फूटभर रुंद आणि दोन फुटांहूनही कमी उंच. तेवढ्या मातीत त्या एका रोपाच्या मुळांची एकूण लांबी सुमारे ६२३ किलोमीटर भरली, आणि मुळांवरील केसांसारख्या सूक्ष्म तंतूंची संख्या सुमारे १४०० कोटी. आपण ज्याला 'गवताची काडी' म्हणतो तिचा खालचा संसार एवढा मोठा असतो. नेब्रास्का विद्यापीठाच्या जॉन वीव्हर ह्यांनी तर शेतांत माणसाहून खोल चर खणून, पिकांची मुळे एकेक करून मोकळी केली, त्यांची चित्रे काढली आणि १९२६ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. कोरडवाहू रानातील मुळे आणि ओलिताच्या रानातील मुळे ह्यांची तुलनाही त्यांनी केली. एवढ्या कष्टाने जे पाहिले गेले त्यातून आबांच्या वचनाला पुष्टी मिळेल, अशी माझी अपेक्षा होती. ती काही अंशी मिळालीही. आणि म्हणूनच पुढचा विचार करणे भाग पडले.

पुष्टी अशी. खोल आणि भुसभुशीत जमिनीत गव्हाची मुळे दीड मीटर, क्वचित दोन मीटरही खाली उतरतात. परंतु त्याच गव्हाला वारंवार थोडेथोडे पाणी मिळत गेले, तर मुळांचा भार वरच्या वीतभर थरात राहतो. सिंचनाच्या पुस्तकांत एक ढोबळ हिशेब असतो: मुळांच्या थराचे वरून खाली चार समान भाग केले, तर पीक आपले पाणी अनुक्रमे ४०, ३०, २० व १० टक्के ह्या प्रमाणात घेते. म्हणजे पाणी हाताशी असता पीक प्रायः वरच्या वरच भागवून घेते. अशा रानात दोन पाळ्यांचा खाडा पडला की उथळ मुळांचे पीक आधी माना टाकते. एवढे वाचून आबा म्हणाले असते, "मी काय निराळे सांगत होतो?"

परंतु ह्याच्या पुढे जे आहे ते आबांना ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते. तहान लागली म्हणून मूळ खाली जात नाही. मुळाच्या टोकाला वाढावयाचे तर तेथील पेशींनी पाणी घेऊन फुगावे लागते. आणि कोरडी माती पाणी तर देत नाहीच, पण दगडासारखी कठीण होऊन वाटही अडविते. एका बाजूस ओल अधिक असेल तर मूळ तिकडे वळते खरे, पण ते अगदी जवळच्या ओलीकडे. मध्ये कोरडा थर असला, तर त्याच्या पलीकडचे पाणी मुळाला कळत नाही आणि कळून उपयोगही नसतो. मूळ ओलीतून ओलीत जाते. त्याला ओढ खालची असते, पण त्या ओढीला वाट लागते, आणि ती वाट पाण्याने आधीच जाऊन तयार केलेली असावी लागते. म्हणून जाणता शेतकरी पिकाला तहानेने खोल नेत नाही. तो पेरणीपूर्वीच रान भरपूर भिजवितो (इकडे त्याला पलेवा म्हणतात), वापसा येऊ देतो, मग पेरतो. वरचा थर हळूहळू सुकत जातो आणि मुळे खालच्या, अगोदर साठविलेल्या ओलीच्या मागोमाग उतरतात. तहानेचा उपयोग एवढाच की ती मुळाला वर रेंगाळू देत नाही. परंतु खाली ओल नसेल, तर तीच तहान त्याला मारून टाकते.

हे वाचता वाचता मी एकाएकी थांबलो. आबांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यासमोर होते. शाळूला पाणी कोण घालते? उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा पाऊस घालतो. तो पेरणीच्या आसपास पडून गेलेला असतो; काळी जमीन ते पाणी पोटात धरून ठेवते आणि शाळूची मुळे पुढचे तीन-चार महिने त्या ठेवीवर खाली खाली जात राहतात. पीक हुरड्यावर येते तेव्हा वर भेगा पडलेल्या असतात, पाहणाऱ्याला वाटते की हे पीक निराधार उभे आहे. निराधार ते कधीच नव्हते. त्याला मिळालेले दान आपल्या डोळ्यांसमोर झाले नाही, इतकेच. त्याच शाळूला मुरमाड, वीतभर मातीत पेरा. तहान तीच, जात तीच, पण तो गुडघ्याएवढा होऊन करपतो. तहानेने मुळे खोल जात असती, तर मुरमावरचा शाळू सगळ्यांत खोल गेला असता.

आता मी ज्या उशिराचा उल्लेख केला त्याविषयी. मला एक धाकटा भाऊ आहे. नऊ वर्षांपूर्वी तो अभियांत्रिकीच्या पदविकेसाठी पुण्यास गेला. आमच्या घरातून शिक्षणासाठी बाहेर पडलेला तो दुसरा, पहिला मी. मी नुकताच नोकरीस लागलो होतो आणि त्याच्या खोलीचे भाडे व खानावळीचे पैसे दरमहा पाठवीत होतो. तिसऱ्या महिन्यात त्याने जरा अधिक मागितले. त्या रात्री मी पुष्कळ विचार केला, किंवा विचार करतो आहे असे मला वाटले. आपण ह्याला पांगळा करीत आहोत. आपल्याला कोणी दिले होते? आपण उभे राहिलोच ना? दुसऱ्या दिवशी मी त्याला कळविले की, पुढच्या महिन्यापासून त्याने आपले आपण पाहावे. आबांचा प्रश्नही मी त्यात घातला होता. त्याने वाद घातला नाही. "बरं, दादा," एवढेच म्हणाला. त्याने एका गोदामात रात्रपाळीचे काम धरले. पहिल्या वर्षी तो चार विषयांत राहिला, दुसऱ्या वर्षी परीक्षेस बसला नाही, आणि मग गावी परत आला. आज तो तालुक्याच्या ठिकाणी दुसऱ्याचा टेम्पो चालवितो. कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे; आईवडिलांचे तोच पाहतो. पुढे माझा हात सैल झाल्यावर मी त्याला पुन्हा शिकण्यासाठी पैसे देऊ केले. तो हसून म्हणाला, "आता काय, दादा." त्या पैशांतून त्याने घराचे पत्रे बदलले.

ह्या हकीकतीतला खरा दोष पैसे थांबविण्याचा नव्हे. पैसे थांबविण्यास कधीकधी सबळ कारणे असतात. खरा दोष "आपल्याला कोणी दिले होते?" ह्या वाक्यात होता, कारण ते वाक्य खोटे होते. सोलापुरास कॉलेजची तीन वर्षे मी मामांच्या घरी राहिलो. मामींनी तीन वर्षे मला दोन वेळचे ताट वाढले. माझ्यासमोर कधी हिशेब झाला नाही, म्हणून ते दान आहे हे माझ्या ध्यानीच आले नाही. मी स्वतःला शाळू समजत होतो आणि हस्ताचा पाऊस विसरलो होतो. भावाच्या वाट्याला मामांचे घर नव्हते. पुण्यात आमचे कोणी नव्हते. त्याच्या जमिनीत खाली ओल आहे की मुरूम आहे, हे न पाहताच मी वरचे पाणी तोडले. आणि तेही केव्हा? शिदोरीची मुळे संपत आलेली आणि स्वतःची मुळे फुटावयाची, नेमक्या त्या वेळी.

गव्हाच्या बाबतीत ही वेळ शास्त्रज्ञांनी फार काटेकोरपणे ठरविलेली आहे. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे भारतात आले. त्या गव्हाच्या लागवडीचे नियम ठरविताना आपल्या कृषिशास्त्रज्ञांनी पहिले पाणी पेरणीनंतर सुमारे एकवीस दिवसांनी, म्हणजे खोडाच्या गाठीतून मुळे फुटू लागताना देण्यावर भर दिला. पाणी मुबलक असेल तर सहा पाळ्या द्याव्यात. परंतु एकच पाळी देण्यासारखी असेल, तर ती ह्याच वेळी द्यावी, अशी शिफारस आहे. ही पाळी चुकली तर पीक मरत नाही. मुळे थोडी येतात, फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती तूट पूर्ण भरून येत नाही. शेजारच्या शेताशी तुलना केली नाही, तर पाहणाऱ्याला काही चुकल्याचे समजतही नाही. माझा भाऊही कोणाला बिघडलेला दिसत नाही.

तर मग आधार देतच राहावे, असा निष्कर्ष काढावा काय? तोही काढता येत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि प्राणवायू हवेतून पसरतो त्याच्या दहा हजारांश वेगानेच पाण्यातून पसरतो. गव्हाच्या वाफ्यात पाणी दोन-तीन दिवस तुंबले की मुळे गुदमरतात आणि भरल्या पाण्यात पाने पिवळी पडतात. भाताला ते सोसते, कारण त्याच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. एकाला मानवणारे औदार्य दुसऱ्याचा जीव घेते. निचऱ्याचा विचार न करता दिलेले पाणी जमिनीतील क्षारही वर आणते. ह्या भागात अशी पांढरी पडलेली राने एके काळी इतकी होती की, त्यांच्या अभ्यासासाठी १९६९ साली कर्नालला केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. तेव्हा अतिदानाचा धोका काल्पनिक नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, अतिपाण्याने बिघडलेल्या रानाचा दोष कोणी पिकाला देत नाही. दारे धरणाऱ्याला देतात. दोन, मुळे उथळ राहण्याचे कारण दर वेळी पाणीच असते असेही नाही. भातासाठी चिखलणी केलेल्या रानात वीतभर खाली एक कठीण थर बसतो. भातानंतर त्याच रानात गहू पेरला की त्याची मुळे तेथवर जातात आणि आडवी वळतात. तो थर गव्हाने केलेला नसतो. आधीच्या पिकाच्या सोयीसाठी आपणच तो दाबून बसविलेला असतो.

ह्यावर कोणी म्हणेल की, जन्मजात स्वभाव म्हणूनही काही असतोच. तोही असतो. जपानी संशोधकांनी २०१३ साली भाताच्या मुळांचा खाली वळण्याचा कोन ठरविणारे एक जनुक प्रसिद्ध केले. फिलिपीन्समधील एका डोंगराळ, कोरडवाहू भाताच्या वाणातून ते 'आयआर ६४' ह्या प्रसिद्ध वाणात आणल्यावर त्याची मुळे खोल गेली आणि अवर्षणात त्याचे उत्पन्न पुष्कळसे टिकले. म्हणजे खोल जाण्याची वृत्ती काहींच्या बीजातच असते. परंतु जी गोष्ट बीजातून मिळाली, तिचा तरी अभिमान कोणी आणि कसा बाळगावा? खोल मुळाचे श्रेय कोणाला द्यावयाचे, ह्याचा जेवढा शोध घ्यावा तेवढे ते वाटले जाते: थोडे बीजाला, थोडे मातीला, थोडे पावसाला, थोडे पाणी देणाऱ्याच्या वेळेच्या जाणिवेला. मुळाचे स्वतःचे म्हणून जे कर्तृत्व उरते, ते मिळालेल्या ओलीत वाढत राहण्याचे. ते लहान नाही. पण पाणी न मिळालेल्याला हिणविण्याइतके मोठेही नाही.

हा विचार आपल्यासारख्या नोकरदारांनी करावा असे मला वाटते, त्याला आणखी एक कारण आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या हातांतून इतरांचे पाणी जाते. कोणाची शिष्यवृत्ती, कोणाच्या विधवेचे निवृत्तिवेतन, कोणाचे अग्रिम. नियमांत बसत नाही म्हणून नाकारणे वेगळे. ते आपले कर्तव्य असते. परंतु "थोडे थांबले तर काय बिघडते", असे जे आपण सहज म्हणतो, तेथे मला आता ताऊजींच्या हातातले ते रोप दिसते. जूनमध्ये द्यावयाची शिष्यवृत्ती आपण वर्षअखेरीच्या घाईत मार्चमध्ये मोकळी करतो, आणि रक्कम तीच असल्यामुळे हिशेब बरोबर जुळतो. मार्चमध्ये गव्हाच्या ओंब्या भरलेल्या असतात; त्या वेळी भरपूर पाणी दिले आणि वारा सुटला, की उभे पीक लोळते. पाणी किती दिले ह्याची नोंद वहीत राहते. केव्हा दिले, ह्याची साक्ष मुळे देतात, आणि मुळे आपल्याला दिसत नाहीत.

कष्ट वाईट, असे मी म्हणत नाही. वरचा थर सुकल्यावाचून मूळ खाली वळत नाही, हे मी पाहिले आहे. पण दुसऱ्याच्या वाट्याला कष्ट असावेत असे ठरविण्यापूर्वी, त्याच्या पायाखाली ओल आहे ना, हे हात घालून पाहण्याचे ओझे ठरविणाऱ्यावर आहे, एवढेच माझे म्हणणे. ते न पाहता सांगितलेले स्वावलंबनाचे तत्त्वज्ञान म्हणजे पुष्कळदा न देणाऱ्याची सोय असते. माझी होती.

आबा आता थकले आहेत. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी आयुष्यभर एकच पीक पाहिले, आणि त्या पिकाची मुळे त्यांना कोणी उकरून दाखविली नाहीत. दिवाळीला गावी जाईन तेव्हा शाळू हातभर वर आलेला असेल. आबा ओट्यावर बसून कोणाला तरी तो प्रश्न विचारतीलही. त्याचे उत्तर मला ठाऊक आहे. पण ते आधी भावाला सांगावयाचे आहे, आबांना नंतर.